बाही कोपराखाली चार बोटं

२०२१ च्या दिवाळीत मी माझ्या सगळ्या ब्लाउजांच्या बाह्या लांब केल्या. कोपराखाली चार बोटं. मी शिवणकाम करते, कराडात घराच्या पुढच्याच खोलीत दुकान आहे. शिंपिणीच्या अंगावर जे दिसतं ते गिऱ्हाइकाला हवं असतं. त्या सणाला अकराजणींनी "ताई, तुमच्यासारखी बाही" म्हणून शिवून नेली. ही फॅशन नाही गं, कोपरांवर रुपयाएवढे दोन चट्टे आहेत, असं कुणाकुणाला सांगणार?

खरी सुरुवात डोक्यापासून झाली होती. कानामागे आणि कपाळावर केस सुरू होतात त्या रेषेवर जाड, चिकटून बसलेला कोंडा. लिंबू, दही, भिजवलेली मेथी, तीन जातींचे शाम्पू, सगळं झालं. काळं अस्तर कापताना त्यावर पांढरे पापुद्रे पडायचे आणि गिऱ्हाईक आत यायच्या आधी मी ते झटकायची. मग कोपरं. मशीनच्या फळीवर दिवसभर कोपर टेकलेलं असतं, घासून घट्टा पडला असेल म्हणून मी सोडून दिलं. घासण्याचा संबंध होताच म्हणा. या आजारात, म्हणजे सोरायसिसमध्ये, कातडीला जिथे ओरखडा किंवा घर्षण होतं तिथे नवा चट्टा उठू शकतो. एकोणिसाव्या शतकात कोबनर नावाच्या जर्मन डॉक्टरनं हे नोंदवून ठेवलं, आणि अजून ते त्याच्याच नावानं ओळखतात. पण मला हे कळेपर्यंत बरंच पाणी वाहून गेलं होतं.

मेडिकलवाल्याला कोपर दाखवलं. काउंटरच्या पलीकडूनच तो म्हणाला, "गजकर्ण आहे," आणि एक ट्यूब दिली. चार दिवसांत चट्टा गुळगुळीत. ट्यूब थांबवली की दहाव्या दिवशी परत, आणि परत येताना थोडा पसरून. त्या एका ट्यूबमध्ये बुरशीचं, जंतूंचं आणि जोरदार स्टिरॉइड असं तिन्ही एकत्र होतं, हे माझी लेक डी. फार्मला गेली तेव्हा तिनं वाचून सांगितलं. तोवर दीड वर्ष मी ते चोळत होते. खाज कोपराच्या आतल्या घडीतही होती म्हणून तिथेही लावायची, तर तिथली कातडी इतकी पातळ झाली की शिरा दिसायला लागल्या.

याच काळात आणखी तीन गोष्टी घडत होत्या, आणि त्या एकमेकींच्या नात्यातल्या असतील असं वाटायचं काही कारण नव्हतं.

एक, टाच. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेच्या मागे, जिथे शीर हाडाला चिकटते तिथे कळ यायची. माझं पायाचं जुनं मशीन होतं. वजन वाढलंय, चप्पल बदला, असा सल्ला मिळाला. वजन वाढलं होतंच, त्यामुळे पटलं. मशीनला मोटर बसवून घेतली.

दुसरं, उजव्या हाताचं मधलं बोट. नुसतं सांध्यावर नाही, मुळापासून टोकापर्यंत सगळं बोट गाजरासारखं सुजलं. कातर बोटांत जाईना. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी संधिवातासाठी रक्तातला आरए फॅक्टर तपासला, निगेटिव्ह आला. "संधिवात नाही, कामाचं दुखणं आहे. शिवण जरा कमी करा." तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. वेदनाशामक गोळी घ्यायची आणि शिवायला बसायचं, असं चालू राहिलं.

तिसरी, नखं. हाताच्या नखांवर बारीक बारीक खड्डे पडले. शिवणाऱ्याला दुसरी उपमा सुचणारच नाही: हुबेहूब अंगुस्तान. सुई ढकलायला बोटात घालतो त्यावर असतात तसेच टोचे. एक-दोन नखं पिवळी पडून टोकाकडून सुटायला लागली. त्याला बुरशी समजून तीन महिने गोळ्या झाल्या. फरक शून्य.

म्हणजे डोक्याला शाम्पू, कोपराला ट्यूब, टाचेला चप्पल, बोटाला वेदनाशामक, नखाला बुरशीची गोळी. एकाच बाईचे पाच भाग पाच ठिकाणी शिवायला टाकलेले.

त्यात माणसं. एका जुन्या गिऱ्हाइकणीनं पैठणीवरच्या ब्लाउजचं कापड परत मागितलं. "आता माझी भाची शिवते," म्हणाली. तिला भाची नव्हती. मी काही न बोलता कापड घडी घालून दिलं. सासूबाईंनी माझा टॉवेल वेगळ्या दोरीवर वाळत घालायला सुरुवात केली. त्यांचा दोष नाही. त्यांच्या लहानपणी अंगावर चट्टा म्हणजे कोड नाहीतर महारोग, तिसरं नावच माहीत नाही. सोरायसिस हा शब्द तर मीही ऐकला नव्हता. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही हे कुणाला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

मग पुडी आली. ओळखीच्या एका बाईंचा असाच आजार "मुळापासून" गेला होता म्हणे. एका गावात एक माणूस रक्त शुद्ध करायचं औषध देतो. तपकिरी पूड, सकाळ-संध्याकाळ मधातून. पथ्य भलतं मोठं: वांगं नको, मासे नको, आंबट नको, पांढरं मीठ नको. आणि काय सांगू, पंधरा दिवसांत कातडी आरशासारखी! नुसती कातडी नाही, टाच गेली, बोट उतरलं, मी दिवसाला पाच-पाच ब्लाउज शिवायला लागले. भूक वाढली. तोंड गोल झालं. "अंग धरलंस हो," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, आणि टॉवेल पुन्हा सगळ्यांच्या दोरीवर आला. मी आणखी चौघांना त्या माणसाचा पत्ता दिला. याची लाज मला आजही वाटते.

२०२३ च्या मे महिन्यात तो माणूस कुठे गेला कुणास ठाऊक. पुड्या संपल्या. पहिले आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी अंग तापल्यासारखं लाल व्हायला लागलं, आणि बाराव्या दिवशी डोक्यापासून तळपायापर्यंत एक इंचही कातडी मूळ रंगाची उरली नाही. कराडचा मे महिना म्हणजे रात्रीसुद्धा पत्रा तापलेला असतो. त्या उकाड्यात मी दोन रजया घेऊन कुडकुडत होते. सकाळी चादर झटकली तर सुपलीभर पापुद्रे निघाले. पाय सुजून पैंजण रुतले. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहेत, एरवी कशाला घाबरत नाहीत. त्यांनी ती सुपली पाहिली आणि थेट रिक्षा आणायला गेले.

मोठ्या रुग्णालयात नऊ दिवस होते. त्या वॉर्डात मला पहिल्यांदा कळलं की कातडी हे काही वरून घातलेलं कापड नाही. तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलानं फार छान समजावलं. सगळ्या अंगाची कातडी पेटली की तिच्यातल्या रक्तवाहिन्या एकदम मोकळ्या होतात. शरीराची ऊब आणि पाणी बाहेर जातं, म्हणून मेमध्ये थंडी. तेवढं रक्त कातडीकडे पाठवायला हृदयाला जास्त राबावं लागतं. पापुद्र्यांबरोबर प्रथिनं जातात, म्हणून सूज. म्हातारं किंवा हृदय कमजोर असलेलं माणूस यात दगावूसुद्धा शकतं. मला सलाईन, अंगभर पांढरं पॅराफिन, वर ओली सुती फडकी आणि दर काही तासांनी तापमान, लघवी, नाडी यांची नोंद. मोठ्या मॅडमनी पुडीबद्दल विचारलं. चेहऱ्याचा गोलवा, पोटावरचे लाल वळ पाहिले आणि म्हणाल्या, "त्यात स्टिरॉइड असणार. सोरायसिसमध्ये पोटात घेतलेलं स्टिरॉइड अचानक थांबलं की असंच उसळतं." पुडीचा रिकामा कागद ह्यांनी खिशातून काढून दाखवला. त्यावर गणपतीचं चित्र होतं, बाकी काही नाही.

चौथ्या दिवशीच्या राउंडला त्या मॅडमनी माझा हात हातात घेतला. सगळं अंग सोलून निघतंय आणि ह्या बाई माझी नखं बघतायत! एकेक नख उजेडाकडे वळवून. मग विचारलं, "टाच दुखते का?" मी गप्प. टाचेबद्दल मी इथे कुणाला काही बोलले नव्हते. "सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात का? किती वेळ?" तासभर, मी म्हणाले. चहा करताना गाळणी धरवत नाही. "एखादं बोट पूर्ण सुजलं होतं?" आता मात्र मला रडू यायला लागलं. पाच ठिकाणी टाकलेले तुकडे पहिल्यांदा कुणीतरी एका टेबलावर मांडत होतं.

पोटाच्या कातडीचा छोटा तुकडा काढून तपासला, हातापायांचे एक्स-रे झाले, आणि नाव मिळालं: सोरायसिस, आणि त्याचाच सांध्यांतला भाऊ, सोरायटिक आर्थ्रायटिस. सोरायसिस झालेल्यांपैकी तीसेक टक्क्यांपर्यंत लोकांना सांध्यांचा त्रास होतो, बहुतेक वेळा कातडीनंतर काही वर्षांनी. नखांत खड्डे असतील तर शक्यता वाढते. आणि आरए फॅक्टर यात बहुधा निगेटिव्हच असतो! माझा तो निगेटिव्ह रिपोर्ट दोन वर्षं कपाटात "काही नाही" म्हणून पडला होता, तो खरं तर काहीच सांगत नव्हता. वेळेत औषध सुरू झालं नाही तर सांध्याचं हाड झिजतं आणि झिजलेलं परत येत नाही. माझ्या मधल्या बोटाच्या टोकाच्या सांध्याला थोडी झीज दिसली. अजूनही ते बोट पूर्ण वाकत नाही.

हे सगळं का होतं, ते मॅडमनी माझ्या भाषेत सांगितलं. कातडीची पेशी तळाशी तयार होऊन वर येऊन गळायला साधारण महिना लागतो. माझ्यात तोच प्रवास तीन-चार दिवसांत. म्हणजे लग्नसराईत ऑर्डर वाढली म्हणून अर्धवट शिवलेले ब्लाउजच बाहेर द्यायला सुरुवात करावी तसं. आणि ऑर्डर वाढवतं कोण? आपलीच प्रतिकारशक्ती. ती चुकून सतत खतरा-खतरा असा निरोप देत बसते. त्या निरोपाची रसायनं, टीएनएफ, इंटरल्यूकिन-१७ अशी त्यांची नावं, कातडीत थांबत नाहीत. तीच दाह सांध्यात नेतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही नेतात. म्हणून आजार जोरात असलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त. मधुमेह, रक्तदाब, चरबीचं यकृत आणि उदासी हीसुद्धा या आजाराबरोबर जास्त आढळतात. वाढलेली चरबी स्वतःच दाह वाढवते आणि दाह पुन्हा शरीराला इन्सुलिनचं ऐकू देत नाही.

"कंबर किती?" त्यांनी विचारलं.

तर मला माहीत नव्हतं. वीस वर्षं गावभरच्या बायकांची छाती, कंबर, मुंडा मी मोजला, स्वतःच्या कमरेला टेप कधी लावली नव्हती. माझे ब्लाउज मी जुन्या ब्लाउजावरून अंदाजानं कापते. नर्सनं मोजली: ३९ इंच. आपल्याकडच्या बायकांसाठी धोक्याची रेघ ८० सेंटिमीटरला, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आसपास आहे. मग रिपोर्ट एकामागून एक. एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी साखर, ६.२, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. रक्तदाब १५० च्या वर. सोनोग्राफीत यकृतावर चरबी. मी तर कोपरावरचा चट्टा घेऊन निघाले होते.

रक्तदाबासाठी फिजिशियनकडे पाठवताना मॅडमनी चिठ्ठीत मुद्दाम लिहिलं, बीटा ब्लॉकर टाळावा. त्या गटातल्या गोळ्यांनी काहींचा सोरायसिस चिघळतो. लिथियमनं आणि मलेरियाच्या काही गोळ्यांनीही. मिश्रीचं विचारलं. लावत होते, तपकिरी दात लपवून उपयोग नव्हता. "हृदयासाठी तरी सोडा," म्हणाल्या. पुडीपेक्षा मिश्री सोडणं अवघड गेलं, हे खरं सांगते. दुपारी तीनला काजं करायला बसलं की बोट आपोआप डबीकडे जायचं. लेकीनं त्या डबीत हुक भरून ठेवले.

औषध सुरू झालं मेथोट्रेक्सेट. त्याआधी यकृत, मूत्रपिंड, रक्तपेशी, कावीळ बी आणि सी, छातीचा एक्स-रे. आठवड्यातून एकदाच घ्यायचं. हे वाक्य मला तिघांनी तीनदा सांगितलं, आणि मी ते पुन्हा म्हणून दाखवल्याशिवाय सुट्टी दिली नाही. चुकून रोज घेतलं तर रक्तपेशी बनणं थांबतं, जीव जातो. माझा वार रविवार. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी रविवारांना शिवणाच्या निळ्या खडूनं फुली मारते आणि गोळीचं पाकीट पत्र्याच्या वेगळ्या डब्यात ठेवते, बीपीच्या गोळीशेजारी अजिबात नाही. इतर ठरलेल्या दिवशी फॉलिक अॅसिड. सोमवारी सकाळी मळमळायचं, चहाचा वासही नको व्हायचा. ते तीनेक महिन्यांत कमी झालं. आधी दर पंधरा दिवसांनी रक्त, मग महिन्यानं, आता तीन महिन्यांनी. कुठल्याही डॉक्टरकडे गेले तरी आधी या गोळीचं नाव सांगते, कारण काही अँटिबायोटिक्सशी, विशेषतः सल्फाच्या, तिचं वैर आहे. मूल हवं असलेल्या बाईनं ही गोळी घ्यायची नाही. माझा तो प्रश्न मिटला होता.

लेकीनं या गोळीचा इतिहास सांगितला, तो मला फार आवडला. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत त्यांच्या चमूनं फॉलिक अॅसिडवर काम केलं आणि त्याच्याच विरुद्ध वागणारं अमिनोप्टेरिन बनवलं, मेथोट्रेक्सेट त्याचंच भावंड. ते आधी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिलं गेलं. १९४८ मध्ये सुब्बाराव गेले. १९५१ मध्ये काही डॉक्टरांनी संधिवाताच्या रुग्णांना अमिनोप्टेरिन दिलं, तर त्यांच्या लक्षात आलं की सोरायसिसचे चट्टेही मावळतायत. म्हणजे सांधा आणि कातडी यांची गाठ सत्तर वर्षांपूर्वी एका गोळीनं दाखवून दिली होती. आणि माझ्या टाचेला चप्पल बदलायला सांगितली. चालायचंच.

मनाबद्दल थोडं. वॉर्डात एक फॉर्म भरून घेतला होता: झोप, रडू, जगावंसं वाटणं. मी सगळीकडे "ठीक" अशी खूण केली. मॅडमनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, "शेवटचं लग्नाला कधी गेलात?" सख्ख्या भाच्याच्या लग्नाला मी ताप आल्याचं सांगून गेले नव्हते. नवरीचा ब्लाउज मीच शिवला होता. त्यानंतर चार वेळा मी समुपदेशकाकडे गेले. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

सासूबाईंना मात्र मीच ओपीडीत घेऊन गेले. मॅडमनी त्यांच्यासमोर हातमोजे न घालता माझ्या कोपरावरून हात फिरवला आणि तोच हात त्यांच्यापुढे धरला. परत येताना बसमध्ये सासूबाई काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर ती वेगळी दोरी सोडली आणि तोंडल्याच्या वेलाला मांडव करायला वापरली.

चौथ्या महिन्यापासून चट्टे पुसट व्हायला लागले. टाच आधी सुटली, बोट नंतर, नखं सगळ्यात उशिरा. नख बुंध्यापासून टोकापर्यंत वाढायला सहाएक महिने घेतं, त्यामुळे आज घेतलेल्या गोळीचं नख सहा महिन्यांनी दिसतं. कंबर आता ३५ वर आहे. भात अर्धा केला, संध्याकाळी कृष्णाकाठी प्रीतिसंगमाकडे चालत जाते, एचबीए१सी ५.८. औषध पुरलं नाही तर पुढची पायरी बायोलॉजिक इंजेक्शनची. इंटरल्यूकिन-१७ किंवा टीएनएफ अडवणारी. महाग आहेत, आणि त्याआधी अंगात टीबी लपलेला नाही ना हे तपासावं लागतं. मला अजून लागली नाहीत. आजार गेलेला नाही, शांत आहे. थंडीत डाव्या कोपरावर एक चट्टा हमखास डोकावतो. त्याला साधं व्हॅसलीन आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं मलम, मोजून दोन आठवडे.

एक खोड मात्र लागली. मानेचं माप घेताना मी मान बघते. काही पोरींच्या मानेवर, काखेत काळसर, मखमलीसारखी जाड कातडी असते. आया त्यांना घासायला सांगतात, लिंबू, बेसन, दगड. एका अकरावीतल्या मुलीची मान घासून घासून सोलली होती. मी तिच्या आईला म्हटलं, "वहिनी, हा मळ नाही. घासू नका, साखर तपासा." रक्तात इन्सुलिन जास्त झालं की कातडी तशी होते, हे मी ओपीडीच्या बाकावर बसून शिकले होते. त्यांना राग आला. दोन महिन्यांनी ड्रेस न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, तपासलं, पाळीचाही घोळ निघाला, औषध चालू आहे. ड्रेस कमरेत एक इंच आत घ्यायचा होता.

गेल्या आठवड्यात एक नवीन बाई आल्या. शिक्षिका, तिशीच्या. सुती साडीवरचा ब्लाउज, गळा साधा, मागे नॉट नको. सगळं सांगून झाल्यावर जरा थांबल्या, पदर खांद्यावर नीट केला आणि म्हणाल्या, "बाही जरा लांब ठेवाल? कोपराखाली."

"ठेवते की," मी म्हटलं आणि हाताचं माप घ्यायला त्यांची मनगटं पुढे ओढली. नखं उजेडाकडे वळवली.

"बाई, सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का हो तुमची?"